पोचट धूळ

"पाठ दाखव."

सरांचं बोलणं इथून सुरू व्हायचं. कुणी कसलंही पान घेऊन आलं की ते वरून बघायचेच नाहीत. दोन बोटांत देठ धरायचे, पान उलटं करायचे आणि पाठीवर भिंग ठेवायचे. फर्नच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात, खसखस चिकटवल्यासारखे. कुणाचे काठाकाठानं, कुणाचे मधल्या शिरेला धरून, कुणाचे पानाची कड दुमडून तिच्यात झाकलेले. त्याच्यावरून सर सांगायचे, हे कुणाचं कोण लागतं. "तोंडावरून सगळे सारखेच दिसतात बाई. जात कळते ती पाठीवरून."

माणसाचं पण तसंच करायचे. नवा क्लार्क आला, नमस्कार केला, तर सर कागदातच बघत राहायचे. तो वळून निघाला की मान वर. "एका टाचेनं चालतो. कामचोर आहे." तसंच निघायचं, हे मी नाकारत नाही. तुम्ही पण असे लोक पाहिले असतील. लई हुशार. सगळ्याला खान्यात घालून ठेवणारे. मला पण घातलं होतं एका खान्यात.

मी नांदेडकडची. नवरा बांधकामावर हैदराबादला आला, त्याच्या मागं मी आले. तो लवकर गेला. एक लेक पदरात. विद्यानगरच्या पाठीमागं एका खोलीत राहायचो. जवळच्या कॉलेजात झाडाझुडपांचा विभाग होता, सर तिथंच शिकवायचे. तिथं फर्न हाऊसमध्ये पाणी घालायला बाई पाहिजे म्हणून कळलं. रोजंदारी. हिरव्या जाळीचं घर, विटांचे ओटे, दीडशेक कुंड्या आणि एक नळ. आत पाय ठेवला की गार वाटायचं. बाहेर मे महिन्याचं ऊन पेटलेलं असलं तरी आत ओल्या मातीचा वास. मला आवडलं. म्हणलं, राहते.

मी दुसरीपर्यंत गेलेली. मराठी अक्षर जोडून जोडून वाचते, तेही मोठं असलं तर. कुंडीवर पत्र्याच्या पट्ट्या, त्यांच्यावर इंग्रजी. मला त्या मुंग्याच. मग मी माझी तऱ्हा काढली. माझी आई बियाणाच्या गाडग्यांना दोरे बांधायची. तांबडा दोरा टेकडीखालच्या रानाची जवारी, पांढरा दोरा विहिरीकडची. मी तसंच केलं. फाटक्या लुगड्यांच्या काठांचे दोरे काढले आणि प्रत्येक कुंडीच्या गळ्यात बांधले. हिरवा-पिवळा म्हणजे हे, नुसता काळा म्हणजे ते, दोन गाठी असल्या तर डोंगरातून आणलेलं.

सर पहिल्यांदा बघून हसले. "बाईनं आपली वेगळी शाळा काढली." पण त्यांना गंमत वाटायची. पाव्हणे आले की मला हाक मारायचे. "बाई, ह्यांना दाखव, तांबडा-काळा कुठं आहे?" मी चालत जाऊन बोट ठेवायचे. सर पट्टी वाचायचे. कधी चुकलं नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा.

शिकवलं पण त्यांनीच. खोटं कशाला बोलू. फर्नला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पाठीवरच्या ठिपक्यांतून धूळ पडते, तीच त्याची पेरणी. पिकलेलं पान पांढऱ्या कागदावर ठेवायचं, वर दुसरा कागद, दुसऱ्या दिवशी उचललं की खाली तपकिरीसारखी भुकटी. विटेचा चुरा उकळत्या पाण्यानं भिजवायचा, गार करायचा, काचेच्या थाळीत पसरायचा आणि वरून ती भुकटी टिचकीनं झटकायची. वर काच. महिन्याभरात हिरवी साय धरते. भिंगातून बघितलं तर इवली इवली विड्याची पानं. मी म्हणलं, "सर, ही तर पानसुपारी मांडलीय." सर इतके हसले की खोकला लागला. पुढं वर्गात पोरापोरींना पण तेच सांगायचे, "आमच्या बाईच्या भाषेत, विड्याचं पान."

त्या विड्याच्या पानात नर-मादी दोन्ही असतात. वरून पाण्याचा थेंब पडला की त्या थेंबातून पोहून त्यांचं जमतं. मग त्यातून खरं फर्न उठतं. सर सांगायचे, "एकाच थेंबात दोन जातींची पानं आली तर?" मी म्हणलं, "तर पळून जाऊन लग्न." "बरोबर. आणि लेकरू?" "लेकरू दोघांसारखं." सर बोट वर करायचे. "दोघांसारखं, पण पुढं वंश नाही. खेचर. घोडा नाही, गाढव नाही. आपली धूळ पाडतं, पण ती उगवत नाही. तेवढ्यावरून पकडायचं."

दुपारी माझ्या डब्यातली जवारीची भाकर आणि ठेचा मागून खायचे. घरी साजूक तूप, वरण, भात, मोठं खानदान, सुलतान बाजारच्या मागं तीन पिढ्यांपासूनचं घर. तरी माझा ठेचा. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं की म्हणायचे, "आत्ता स्पष्ट दिसायलं."

ते मस्करीत म्हणायचे. पण दिसणं खरंच कमी व्हायलं होतं. सगळ्यात आधी मला कळलं. चहा कपाच्या बाहेर ओतायचे. मी आले की तोंड बघून नाही, चपलेचा आवाज ऐकून "बाई का?" म्हणायचे. आबिड्सला जाऊन वर्षात तीन चष्मे केले. मी म्हणलं, "सर, मोतीबिंदू असेल. माझ्या सासूचा काढला, दोन दिवसांत घरी." तर एकदम अंगावर आले. "कुणाला बोलायचं नाही. कळलं? डोळा कापायला दिला आणि बिघडला तर मी काय, कुंड्यांना पाणी घालू?"

बोलायचे तसं. मी नाही कुणाला बोलले.

आता ती गोष्ट.

आमच्याकडं दोन फर्न होती, एकमेकांच्या सख्ख्या बहिणी. काळा चकचकीत देठ, बारीक पानं दोन्ही बाजूंनी. दोघी चालणाऱ्या. म्हणजे पानाचं शेंडं लांब होऊन जमिनीला टेकतं, तिथं मूळ धरतं, तिथून नवं झाड. अशी टेकत टेकत ओटाभर फिरतात. फरक एवढाच की एकीच्या देठावरची लव ताठ उभी, दुसरीची आडवी निजलेली. भिंगातून दिसतं. नाहीतर माझ्यासारखं रोज हात फिरवला तर बोटाला कळतं. एकीला मी निळा दोरा बांधला होता, एकीला भगवा.

त्या साली पावसानं पट्ट्यांवरचं सगळं धुऊन गेलं. सर म्हणाले, "मी स्वतः लिहितो." बसले स्टूल टाकून, डोळ्याशी पट्टी धरून. लिहिलं आणि स्वतःच्या हातानं खोचल्या. मी बघितलं की निळ्या दोऱ्याच्या कुंड्यांत भगवीच्या पट्ट्या चालल्यात. वाचता येत नव्हतं, पण मुंग्यांची रांग लांब आहे का आखूड एवढं तर कळतं की. मी म्हणलं, "सर, ह्या उलट्या झाल्या का?" ते म्हणाले, "बाई, तू पाणी घाल."

मी पाणी घातलं.

एक पोरगी त्यांच्या हाताखाली शिकत होती, करीमनगरची, पीएचडी म्हणतात ती डॉक्टरकी करायला. तिनं वर्षभर त्या पट्ट्यांवर भरोसा ठेवून काम केलं. पानं कापली, मोजली, लिहिली. मग बाहेरून तपासायला मोठे लोक आले. त्यातल्या एकानं देठ भिंगाखाली धरला आणि म्हणला, हे तर ते नाही. सगळी कुंडी कुंडी उलटी निघाली. पोरगी भिंतीला टेकून रडायला लागली. खोलीत पंधरा-वीस जण. हेड, मास्तर, मास्तरणी, पोरं, अटेंडर, क्लार्क.

सर उठले. चष्मा पुसला. आणि माझ्याकडं बोट केलं.

"ही बाई शिकलेली नाही. पाणी घालताना पट्ट्या काढते आणि कुठंही खोचते. हे धागे-दोरे बघा. झाडांना गंडे बांधल्यासारखे. मी कितीदा सांगितलं."

एकदाही सांगितलं नव्हतं.

मी म्हणलं, "सर, दोरे बरोबर आहेत. दोऱ्यांवरून बघा."

"गप बस."

मग कात्री मागवली. अटेंडरला म्हणले, काप. तो बिचारा माझ्याकडं बघायला. सर म्हणले, "काप रे." सगळ्यांच्या समोर त्यानं दीडशे कुंड्यांचे दोरे कापले. मी उभी. दोरे ओल्या फरशीवर पडायले. पडलेले मीच झाडून काढले, कारण झाडणं माझंच काम होतं.

तुम्ही म्हणाल, दोऱ्याचं एवढं काय. दोऱ्याचं नाही. त्याच महिन्यात रोजंदारीवाल्यांची यादी निघाली होती, पर्मनंट करायची. तीन नावं. वॉचमन, झाडूवाला आणि मी. अकरा वर्षं मी त्या यादीची वाट बघितली होती. फाइलीत कागद लागला, की ह्या बाईनं कुंड्यांची अदलाबदल करून विभागाचं नुकसान केलं. सही सरांची. दोन नावं पर्मनंट झाली. माझ्या नावावर रेघ. क्लार्क म्हणला, "अम्मा, नोट लग गया, अब कुछ नहीं होता." लेकीला मी सांगितलं होतं, यंदा आपण पण सरकारी माणसं. ती विचारायली, "काय झालं?" मी म्हणलं, "पुढच्या साली." पुढची साल आली नाही. वय निघून गेलं.

काढून नाही टाकलं मला. तेवढं सरांनी केलं म्हणे. माझ्यासारखं पाणी कोण घालणार. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन म्हणतात, "बाई, ठेचा आहे का?"

मी म्हणलं, "आहे." दिला. त्यांनी खाल्ला. त्या दिवशी मी ठरवलं. ओरडायचं नाही, शाप द्यायचा नाही, वाट बघायची. आमच्या विहारातल्या आक्का म्हणतात, सोडून दे गं, मन हलकं होतं. मी म्हणते, माझं मन जड बरं आहे.

दोरे गेल्यावर फर्न हाऊसमध्ये कुणाचं कोण राहिलंच नाही. त्या दोन बहिणी एकाच ओट्यावर, एकमेकींच्या कुंड्यांत शेंडे टेकवत. नळाखाली विटांची भिंत कायम ओली. दीडेक वर्षानं त्या विटांच्या सांध्यात एक इवलं फर्न आलं. मी हात फिरवला. लव ताठ पण नाही, निजलेली पण नाही. अर्धी वाकलेली. पान एकीसारखं, कातर दुसरीसारखी. मी तिथंच समजले, हे त्या दोघींचं. मी ते अलगद काढलं, कुंडीत लावलं. कुठं ठेवू म्हणलं तर डोंगरातून आणलेल्या कुंड्यांच्या ओट्यावर जागा होती. तिथं ठेवलं. तेव्हा डोक्यात काही नव्हतं, खरंच.

ते झाड लई जोमानं वाढलं. एक दिवस सरांचा हात त्याला लागला. थांबले. देठ चाचपला, पान उलटं केलं, नाकाला लागेल इतकं जवळ धरलं.

"बाई, हे काय? हे अनंतगिरीच्या डोंगरातल्या मातीतून उठलं ना? मागल्या साली आणली ती?"

इथं मी सांगायला पाहिजे होतं. सांगणं सोपं होतं. नळाखालची भिंत पाच पावलांवर.

मी म्हणलं, "हौ सर."

एवढाच शब्द.

त्यांचा चेहरा लेकराचा झाला. रिटायरमेंटला आठ महिने राहिले होते. सगळा जन्म दुसऱ्यांनी नावं दिलेल्या झाडांना खान्यात बसवण्यात गेला, स्वतःचं एक नाव नाही. आता सापडलं होतं. पण हुशार माणूस. म्हणले, "आधी पेरून बघू. उगवलं तर नवी जात. नाही उगवलं तर खेचर."

पेरायचं कुणी? सरांच्या डोळ्यांत धुकं. ते काम माझ्याकडं आलं. पट्ट्या बदलणाऱ्या बाईकडं.

मी पान कागदावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी धूळ बघितली आणि बोटावर घेतली. जवारीचं कणीस वरून भरलेलं दिसतं, पण मुठीत चोळलं की कळतं, दाणा आहे का पोचट. फुंकर मारली की पोचट उडून जातं. ही धूळ तशीच. हलकी, चुरगळलेली, तिच्यात जीव नाही. तरी मी नेमानं पेरली. एक आठवडा, दोन, पाच. विटेचा चुरा तसाच लाल.

सर रोज यायचे. "उगवलं का?"

"अजून नाही."

सहाव्या आठवड्यात मी दुसरी थाळी केली. त्या झाडाच्या आईची धूळ घेतली, जिला निळा दोरा होता तिची. टिचकी मारली, काच ठेवली, पहिली थाळी धुऊन टाकली. महिन्यानं हिरवी साय आली. विड्याची पानं सगळ्या जातींची जवळजवळ सारखीच दिसतात. चांगल्या डोळ्याचा माणूस पण सहजी ओळखत नाही, हे मला शिकवलं होतं कुणी? सरांनीच.

"उगवलं का?"

"उगवलं सर."

थाळी हातात घेतली. हिरवा रंग तेवढा त्यांना दिसत असेल. "त्याच्याच धुळीचं ना?"

"त्याच्याच."

थाळी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मग म्हणले, "वडलांचं नाव देतो. त्यांची लई इच्छा होती माझं काहीतरी व्हावं." तेव्हा सगळं सांगून टाकावं म्हणून मी थाळीकडं हात नेला. सांगते खरं ते. मग मला कात्रीचा आवाज आठवला आणि मी हात मागं घेतला.

मग त्यांनी ते लिहून पाठवलं, छापून आलं. पेढे वाटले. मला दोन दिले. मी खाल्ले.

रिटायरमेंटच्या आधी कार्यक्रम ठेवला. बेंगळूरकडून एक मॅडम आल्या, ह्याच झाडांत काम करणाऱ्या. साधी सुती साडी, हळू बोलणं. त्यांना जिवंत झाड बघायचं होतं. मीच कुंडी आणली. त्यांनी पान उलटं केलं, सुईनं ठिपका फोडला, काचेवर घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ लावला. परत दुसरं पान घेतलं. मग हिंदीत म्हणल्या, "सर, दाने सब खाली हैं. सिकुड़े हुए. एक भी भरा नहीं है."

एकेक मास्तर उठून बघायला. बघून मागं सरकायचा. कुणी सरांकडं बघेना.

शेवटी सर उठले. मायक्रोस्कोपला डोळा लावला. मला माहीत होतं, त्यांना आत धुक्याशिवाय काही दिसत नाही. सगळ्यांना वाटलं सर बारकाईनं बघायलेत. मी एकटी जाणत होते की नुसतं उभं राहायलेत.

"हो," म्हणले. "खेचर आहे."

हेडनं विचारलं, "मग पेरलेलं उगवलं होतं ते? पेरलं कुणी होतं?"

पंधरा-वीस जणांची तोंडं माझ्याकडं वळली. मी भिंतीला पाठ लावून उभी. मी तयार होते. माझ्याकडं आता काढून घ्यायला काही नव्हतं.

सर म्हणले, "मी पेरलं होतं. चूक माझी."

लोक म्हणतात, बघा, मोठं मन. मी नाही म्हणत. माझं नाव घेतलं असतं तर पुढचा सवाल आला असता, की तुमचे डोळे कुठं होते सर? नाव माझं वाचलं ते मोठ्या मनानं नाही, मोतीबिंदूनं.

कार्यक्रम संपल्यावर फर्न हाऊसमध्ये आले. स्टुलावर बसले.

"बाई, थाळीत काय टाकलं होतंस?"

"आईची धूळ."

"आणि झाड कुठलं?"

"नळाखालच्या भिंतीतलं."

मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणले, "नुसतं गप राहून भागलं असतं की. पेरलंस कशाला?"

"तुम्ही विचारायला रोज यायलात म्हणून."

मग मी म्हणलं, "सर, पट्ट्या कुणी बदलल्या होत्या?"

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. "मी," म्हणले.

"लिहून द्या."

"आता त्याचा उपयोग नाही बाई. तुझं वय गेलं, माझी खुर्ची गेली."

"उपयोगाचं मी बघते. तुम्ही लिहून द्या."

खिशातला पेन काढला, तिथंच कागद मांडीवर घेऊन लिहिलं. मी हातात घेऊन बघितलं. ओळीवर ओळ चढलेली, अक्षरांची नुसती झटापट. मला वाचता येत नसलं तरी एवढं कळतं की. मी कागद परत केला. "हे चालत नाही. डोळे करून या."

आयुष्यात पहिल्यांदा सरांनी माझं ऐकलं. दोन महिन्यांनी निरोप आला. मी लेकीला घेऊन सुलतान बाजारला गेले. काळा चष्मा काढून सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणले, "म्हातारी झालीस की." मी म्हणलं, "तुम्हाला आत्ता दिसली." त्यांची बायको आतून चहा घेऊन आली, तिला कशाचाच पत्ता नव्हता.

कागद मराठीत लिहिला होता, मोठ्या सुट्या अक्षरांत. लेकीचं मराठी वाचन इथल्या शाळेतलं, अडखळत. तरी तिनं पुरं वाचलं. घरी येऊन मी तिच्याकडून परत वाचून घेतलं, परत, परत. माझं पाठ झालं.

मग मी सरांना निरोप दिला की कागद नुसता फाइलीत लागून भागणार नाही. ज्या खोलीत बोललात त्या खोलीत उभं राहून वाचा.

आले. ऑटोतून, सोमवारी, सकाळच्या वेळी. नवे हेड भले माणूस, त्यांनी खोली दिली. पण खोलीत होतं कोण? हेड, एक क्लार्क, नव्या चार-पाच पोरी, ज्यांना काय चाललंय तेच ठाऊक नाही. तो कात्रीवाला अटेंडर बदलून गेलेला. करीमनगरची पोरगी शिक्षण सोडून गेली ती गेलीच. तिचं पण कुणीतरी फेडायला पाहिजे होतं. माझ्या हातात ते नव्हतं. ज्यांच्यासमोर माझी लाज गेली त्यातलं एक माणूस तिथं नव्हतं. मी पहिल्या बाकावर बसले. त्या खोलीत मी त्याच्या आधी कधी बसले नव्हते.

सर उभे राहिले. माझ्याकडून कागद घेतला आणि वाचायला लागले. "त्या वर्षी कुंड्यांवरच्या पट्ट्या मी स्वतः लिहिल्या व मी स्वतः लावल्या. अदलाबदल माझ्या हातून झाली. बाईंनी मला त्याच वेळी सांगितले होते. त्यांचे दोरे बरोबर होते. त्यांच्यावर मी जो ठपका ठेवला तो खोटा होता." मग खाली सही, तारीख. कागदाची घडी घालायला लागले. पोरींनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

मी म्हणलं, "सर, मधली एक ओळ राहिली."

"कुठली?"

"दोऱ्यांच्या नंतरची."

त्यांनी कागद उघडला. बघत राहिले. दिसत होतं त्यांना, आता सगळं स्वच्छ दिसत होतं. नव्या हेडनं खुर्चीत चुळबुळ केली, म्हणले, "अम्मा, हो गया ना." मी उठले नाही.

सर कागद डोळ्यांपासून लांब धरून, हळू आवाजात म्हणले, "'आणि हे मला त्याच दिवशी माहीत होते.'"

"मागं ऐकू आलं नाही सर."

मागं बाक रिकामे होते. सरांनी रिकाम्या बाकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पोरांना शिकवताना लावायचे तसा आवाज लावला आणि परत वाचलं.

"आणि हे मला त्याच दिवशी माहीत होते."

पोरींचे हात अर्ध्यात राहिले. क्लार्कनं कागद घेतला, पंच केला, फाइलीत लावला. सर म्हणले, "झालं का, बाई?"

"झालं," मी म्हणलं.

ते गेले. पायऱ्या उतरताना एका हातानं भिंत धरायची सवय अजून सुटली नव्हती. त्या साली दसऱ्याच्या आधी वारले. क्लार्क सांगायला आला, विचारलं, येता का अम्मा, गाडी निघाली आहे. मी म्हणलं, मला कुंड्यांना पाणी घालायचंय.